पोस्टावरचा घुमट

चि. सानिका हिस,


मुंबईच्या जीपीओचा, म्हणजे मोठ्या पोस्टाचा, फोटो पाहून तू विचारलंस, "पोस्टाला मशिदीसारखा घुमट कशाला?" अगं, मशिदीचा नाही, विजापूरच्या गोलघुमटाचा आहे तो. आणि मुंबईत तो आणला तुझ्या स्कॉटलंडच्या माणसाने, जॉन बेगने. तो इथे सरकारचा सल्लागार वास्तुविशारद होता.

शेजारच्या व्हीटी स्टेशनचा तोंडवळा विलायती, गॉथिक. त्याच्या पंधराएक वर्षांनंतर बेगला पोस्टाचं काम मिळालं, तेव्हा त्याने दख्खनकडे पाहिलं. १ सप्टेंबर १९०४ ला बांधकाम सुरू झालं, ते ३१ मार्च १९१३ ला पुरं झालं. खर्च आला १८ लाख ९ हजार रुपये. भिंतींना काळा बेसाल्ट, जोडीला कुर्ल्याचा पिवळा आणि ध्रांगध्र्याचा पांढरा दगड. पावसात भिजली की ही इमारत सगळ्यात देखणी दिसते, असं माझं मत.

'नक्कल आहे' म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. मला ते पटत नाही. विजापूरचा घुमट बाहेरून १४४ फूट व्यासाचा, हा ६५ फुटांचा. तिथे खाली मोहम्मद आदिलशहाची कबर, इथे तिकिटांच्या खिडक्या आणि रांगा. बादशहाच्या मरणासाठी घडलेला आकार बेगने चार आण्यांची मनिऑर्डर करणाऱ्याच्या डोक्यावर धरला, याला नक्कल कसं म्हणायचं? एवढी उंची असली की मे महिन्यातही रांगेत जीव गुदमरत नाही. बाहेर कबुतरखान्यापाशी पत्रं लिहून देणारे बसत. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांची खुशाली या पत्रलेखकांच्या हातून गावाला जायची.

  

बेग पुढे एडिंबरोला परतला. त्याचा मदतनीस जॉर्ज विटेट मात्र इथेच राहिला. त्याने गेटवे ऑफ इंडिया उभारलं, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम बांधलं आणि म्युझियमवरही विजापुरी घुमटच चढवला. आता शिवडीच्या दफनभूमीत विसावलाय विटेट.

डिसेंबरात आलीस की दोन्ही घुमट एका दिवसात पाहून होतील. आधी पोस्ट, मग म्युझियम. 

तुझा,
मामा