डॅशबोर्डवरची वेळ

वडिलांच्या सेकंडहँड गाडीत घड्याळच नव्हतं. मग फुटपाथवरून आणलेलं, पाठीला चिकटपट्टी असलेलं डिजिटल घड्याळ डॅशबोर्डवर बसलं. वडील ते पाच मिनिटं पुढे ठेवत. सगळ्यांना हे माहीत, त्यामुळे सगळे मनात पाच वजा करत आणि निवांत निघत. दिवाळीला लावलेल्या त्या पाचाची सोलापूरचा उन्हाळा सरेपर्यंत तीन-साडेतीन व्हायची. वडील सेलला शिव्या घालत आणि आकाशवाणीच्या सात-पाचच्या बातम्यांवर घड्याळ पुन्हा मिळवत.

सेल बिचारा निर्दोष होता. अशा घड्याळात क्वार्ट्झचा दुबेळकं असावं तसा बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे: पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, तोच आपला सेकंद. मात्र हा स्फटिक 25 अंशांच्या आसपास सर्वांत जलद चालतो. थंडी वाढो की ऊन, दोन्हीकडे तो मागेच पडतो. काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 65 अंशांवर सहज जातो. तेवढी उष्णता दिवसभर टिकली तर साडेचार सेकंद गळाले समजा. हातातल्या घड्याळाला निदान आपल्या अंगाची ऊब सांभाळून घेते.

माझ्या पहिल्या गाडीत घड्याळ कंपनीचंच होतं. किल्ली काढली तरी ते बॅटरीतून जरा जरा वीज घेत चालू राहतं. पण मेकॅनिकने बॅटरीची वायर सोडवली की लगेच एक वाजतो. कित्येक गाड्यांत मग वर्षभर चुकीची वेळ फिरत असते. कुणी दुरुस्त करायच्या फंदात पडत नाही.

आताची गाडी जीपीएसवरून वेळ घेते. उपग्रहांत अणुघड्याळं असतात, गाडीने फक्त साडेपाच तास मिळवायचे. तरी हिशेब चुकतोच. जानेवारी 2022 मध्ये परदेशातल्या काही जुन्या होंडा गाड्यांची घड्याळं थेट 2002 सालात जाऊन बसली. उपग्रहांची वेळ बरोबर होती, गोंधळ गाडीत होता.

तेव्हा बॅटरी बदललीत की गॅरेजमधून निघण्याआधीच घड्याळ लावून घ्या, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मोबाईलशी ताडून पाहा. जीपीएस नसेल तर हे काम तुमचंच.