चांदीचा काळा, काजळीचा काळा

कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, कुठल्याही जुन्या घराच्या बैठकीत नजर वर गेली की फोटोंच्या चौकटी दिसतात, भिंतीपासून किंचित पुढे झुकलेल्या. त्यांतले 1980च्या आसपासचे रंगीत फोटो विटून तांबूस झालेले असतात; शालू कुठला आणि फेटा कुठला, ओळखू येत नाही. त्यांच्याही आधीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो मात्र डोळ्याला डोळा भिडवतात. पणजोबांच्या कोटाची बटणं मोजता येतात. रंगीत फोटोतला रंग उन्हाने, दिवसांनी उडून जातो. जुन्या फोटोत असते ती चांदी, आणि चांदी सहजासहजी उडत नाही.

ही चांदी अगदी खरी. ब्रोमाइड पेपरवर जिलेटिनच्या पापुद्र्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे कण असतात. एन्लार्जरमधून निगेटिव्हचा उजेड काही सेकंद पडतो, तेव्हा कागद कोराच दिसतो. लाल दिव्याखाली तो डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडाला की उजेड लागलेल्या कणांची चांदी होऊ लागते. आधी केस उमटतात, मग डोळ्यांच्या बाहुल्या, मग ओठांची रेघ. दागिन्यात चकाकणारी चांदी इथे इतक्या बारीक तंतूंची झालेली असते, की उजेड त्या गुंत्यात शिरतो आणि बाहेर येत नाही. म्हणून ती काळी. उरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड हायपो नावाचं रसायन विरघळवून टाकतं. जॉन हर्शेलने हायपोचा हा गुण 1819 मध्ये नोंदवला, आणि वीस वर्षांनी फोटोग्राफी जन्माला आली तेव्हा तोच तिच्या उपयोगी पडला.

या अंधारात माणसाचा हात फार मोलाचा. चेहरा काळवंडू नये म्हणून तारेला लावलेली पुठ्ठ्याची टिकली उजेडात हलती ठेवायची. कोपरे गडद व्हावेत म्हणून दोन तळव्यांमध्ये फट धरून तेवढाच उजेड सोडायचा. हात दोनदा हुबेहूब तसाच फिरत नाही. एका निगेटिव्हच्या दहा कॉप्या सख्ख्या भावंडांसारख्या निघतात: तोंडवळा एक, पण प्रत्येकीचा स्वभाव निराळा.

वऱ्हाडच्या हवेत हे काम आणखी कठीण. डेव्हलपरला साधारण 20 अंशांचं तापमान मानवतं. वाशीमचा मे महिना चाळिशी सहज ओलांडतो. ट्रेखाली बर्फ नसेल तर जिलेटिन मऊ पडतं, बोट लागलं की सोलतं. जाड फायबर पेपर वाहत्या पाण्यात तासभर धुवायला हवा, आणि उन्हाळ्यात पाणी इथे जपून वापरायची वस्तू. कागदात हायपो राहिला की चांदीलाही पुढे डाग धरतो. पिवळे डाग पडलेला जुना फोटो पाहिला की मला घागरी मोजून फोटो धुणारा माणूस आठवतो. त्या डागांत आमचा उन्हाळा आहे.

आजच्या इंकजेट प्रिंटरला ना अंधार लागतो, ना पाणी. शाईचा एकेक थेंब काही पिकोलिटरचा, आणि एका लिटरमध्ये पिकोलिटर लाख कोटी. सुरुवातीला रंगीत शायांच्या मिश्रणातून राखाडी छटा काढत, तेव्हा तोच फोटो घरातल्या दिव्याखाली एका छटेचा आणि उन्हात दुसऱ्याच छटेचा दिसे. 2005 मध्ये एप्सनने काळा, फिका काळा आणि त्याहून फिका अशा तीन शाया एका प्रिंटरमध्ये दिल्या, आणि घरगुती प्रिंटरमधूनही राखाडी रंग राखाडीच निघू लागला. टिकलीचं आणि तळव्यांचं काम आता पडद्यावर होतं. ते एकदाच करायचं, जमेपर्यंत सुधारायचं. मग शंभरावी प्रत पहिलीसारखीच.

आता दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून बघावेत. शिरपूरच्या जुन्या जैन मंदिराचा दगड ही त्यांची चांगली परीक्षा: काळ्या पाषाणावर कोरीव काम, त्यात खोल सावल्या. चकचकीत ब्रोमाइड प्रिंटचा सर्वांत गडद काळा अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम एक टक्का परत देतो. मॅट कागदावरची शाई दोनेक टक्के. आकडा लहान, पण डोळ्याला तो कळतो. चांदीचा अंधार जिलेटिनच्या आत असतो, नजर त्यात उतरत जाते. शाईचा अंधार कागदाच्या पृष्ठभागावर, मखमली. नजर त्यावर टेकते. चकचकीत बरायटा कागदावर मात्र इंकजेटचा काळा चांदीइतका, कधी तिच्याहूनही गडद उतरतो. तेव्हा डार्करूमवरचं प्रेम नुसत्या गडदपणावर उभं करता येत नाही.

ते उभं आहे उजेडावर. निगेटिव्हमधून आलेला उजेड त्या कागदाला प्रत्यक्ष लागलेला असतो. इंकजेटमध्ये ही साखळी तुटते, आणि ती तुटल्याचं मला वाईट वाटतं.

पण शाईला परकी म्हणायला मन धजत नाही, कारण कारंजा. तिथल्या जैन मंदिरांनी हस्तलिखितांची भांडारं जपली. त्यांच्या आधारे 1930च्या दशकात डॉ. हिरालाल जैन यांनी अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. त्यांतलं पुष्पदंताचं ‘णायकुमारचरिउ’ 1933 मध्ये कारंज्याच्याच ग्रंथमालेत छापून आलं. जुन्या पोथ्यांची काळी शाई काजळीची असे. दिव्याची काजळी डिंकात घोटून केलेली. काजळी म्हणजे कार्बन, आणि चांगल्या पिगमेंट प्रिंटरच्या काळ्या शाईतही कार्बनच असतो. कार्बन उन्हाने उडत नाही, हवेने गंजत नाही. चांदीचा फोटो या मातीत एकोणिसाव्या शतकात आला. काजळीचा काळा त्याच्या कितीतरी शतकं आधीचा.

कागदाचंही तसंच. इंकजेटचा उत्तम कागद निव्वळ कापसाचा असतो, आणि कारंजा ही कापसाची पेठ. शकुंतला रेल्वेच्या डब्यांतून इथला कापूस मूर्तिजापूरकडे जाई. कापूस आणि काजळी ही जोडी आम्हाला नवी नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गावोगावच्या स्टुडिओंच्या पेट्यांत निगेटिव्ह पडून आहेत, पेन्सिलीने हळुवार रिटच केलेल्या. जुनी फिल्म उष्णतेने आकसते, तिला आंबूस वास सुटतो, आणि मग ती वाचत नाही. ज्याला डार्करूम जमते त्याने त्यांतला एकेक चेहरा चांदीत उतरवावा, भरपूर धुवावा. ज्याला जमत नाही त्याने स्कॅन करून कापसाच्या कागदावर पिगमेंट शाईने छापावा. मागे पेन्सिलीने माणसाचं नाव, गाव आणि साल लिहावं. चांदी की काजळी, हा वाद आपण आनंदाने आयुष्यभर घालू. त्यासाठी आधी फोटो कागदावर उतरलेला हवा.