आधी पट्टे, मग दुपटं

“लेकराले इतकं कायले आवळता बाप्पा?” मनीषनगरात बाळाचं कार-सीट पहिल्यांदा पाहणारी आजी हमखास असं विचारते. तिचा भरवसा आपल्या मांडीवर असतो. पण ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर सात किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलोचा जोर लागतो. तो कुणाच्याच हातांत नसतो. इथून निघालं की थोड्या वेळात समृद्धी महामार्ग लागतो, तिथं कारला १२०ची मुभा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते.

तान्ह्याच्या लांबीचा चौथा हिस्सा डोक्याचाच, आणि मानेचे मणके अजून बरेचसे कूर्चेचे. म्हणून त्याचं सीट मागे तोंड करून बसवायचं. समोरून धडक बसली की डोकं, मान, पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत रुततात आणि जोर वाटला जातो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना १९६०च्या दशकात सुचली, जेमिनी यानात पाठीवर रेलून बसणाऱ्या अंतराळवीरांवरून. युरोपच्या नव्या नियमांत १५ महिन्यांपर्यंत असंच बसवणं सक्तीचं आहे. मी तर त्यापुढेही घाई करू नका म्हणते.

सीट घडवताना माझं सगळं भांडण ढिलाईशी असतं. पट्टा सैल असला की धडकेत बाळ पाठीवरून डोक्याच्या दिशेने वर सरकतं. आणि आपल्याकडे ही ढिलाई मायेतूनच येते. बाळ दुपट्यात गुंडाळूनच घराबाहेर पडतं. मग पायांमधून वर येणारा पट्टा लावायचा कुठून? आधी पट्टे, मग वरून दुपटं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बक्कल चटका देण्याइतकं तापतं, म्हणून त्याखाली कापडी झडप ठेवते, अस्तर फिकं घेते. जाड गादी मात्र घालत नाही. धडकेत ती चेपते आणि पट्टा तेवढाच सैल पडतो. बक्कल उघडायला चार ते आठ किलोचा जोर लागावा असा दंडक आहे: थोरल्या भावंडाच्या बोटांना दाद देऊ नये, घाबरलेल्या आईच्या अंगठ्याला मात्र लगेच उघडावं.

एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर उलट्या तोंडाचं सीट कधीही ठेवू नका. फुगलेली पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. मागच्या सीटवरच बसवा. पट्टे लावल्यावर खांद्याजवळ चिमटीत धरून पाहा. चिमटीत पट्ट्याची घडी आली, तर अजून ओढा.