फुकट टेस्ट आणि न विचारलेली परवानगी



"चार टेस्ट जास्त केल्या तर बिघडलं काय? चांगलंच आहे ना, सगळं एकदम कळतं." हे वाक्य मी कळव्यात फार वेळा ऐकलंय. भास्कर नगर, वाघोबा नगरच्या चढावर राहणाऱ्या मायमाऊल्यांकडून ऐकलंय, नोकरदार मित्रांकडून ऐकलंय आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांकडूनही ऐकलंय. डॉक्टरने चिठ्ठीवर दोन तपासण्या लिहिलेल्या असतात, लॅबमधून रिपोर्ट येतो सात-आठ तपासण्यांचा. कधी बिल फुगलेलं असतं, कधी "पॅकेजमध्ये बसवलंय, वेगळे पैसे नाहीत" असं सांगतात. बिल वाढलं की लोक कुरकुरतात, नाही वाढलं की आभार मानतात. मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत.

पैशाचा मुद्दा खोटा नाही. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात न सांगता केलेली व्हिटॅमिनची टेस्ट म्हणजे कितीतरी दिवसांचा भाजीपाला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जातात. पेशंट तपासणीला पाठवला म्हणून एका केंद्राकडून आलेल्या १२०० रुपयांच्या चेकविरुद्ध त्यांनी २०१३ साली उघड तक्रार केली. पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्यासाठी समिती नेमली, मसुदाही झाला, आणि तो मसुदाच राहिला. पण पैसा हाच सगळा प्रश्न असता, तर फुकट टेस्टने तो सुटला असता. तो सुटत नाही, हे मला आमच्या घरात कळलं.

माझी भाची वर्धा जिल्ह्यातून नोकरीसाठी आमच्याकडे राहायला आली होती. सारखा थकवा यायचा म्हणून डॉक्टरने सीबीसी लिहून दिली. लॅबमध्ये नाव, आडनाव, गाव विचारलं. दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट आणायला गेलो. काउंटरवरचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "सिकलसेलची पण करून टाकलीय, चार्ज नाही लावला. त्या भागातल्या तुमच्या लोकांमध्ये असतं ना. पॉझिटिव्ह आहे, लग्नाआधी बघून घ्या." माझ्या मागे आमच्याच इमारतीतल्या एक काकू उभ्या होत्या.

आता नीट समजून घ्या. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, हे खरं आहे. भाची वाहक निघाली, म्हणजे तिला स्वतःला आजार नाही. नवराही वाहक असेल तरच प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ही माहिती मोलाची आहे. अशा तपासण्या व्हाव्यात म्हणून १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही सुरू झालं. त्या मुलाने दिलेली माहिती चुकीची नव्हती, पण "पॉझिटिव्ह" हा एकच शब्द त्याने हवेत सोडला. वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगायला तिथे कोणी नव्हतं. रात्रीपर्यंत दोन मजल्यांवर "तिला काहीतरी रक्ताचं आहे" असं झालं होतं. तिच्या सोयरिकीची बोलणी तेव्हा चालू होती.

भाची रडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, ही टेस्ट मी स्वतःहून केली असती. पण माझ्या रक्तातलं माझ्याआधी तुम्हाला आणि काकूंना कळलं."

माझा एक मित्र डीएमएलटी करून लॅबमध्ये काम करतो. त्याच्याशी यावरून माझा कडाक्याचा वाद झाला. तो म्हणाला, "मशीनने प्लेटलेट कमी दाखवल्या तर आम्ही स्लाइड बनवून पुन्हा बघतो. टीएसएच बिघडलेलं आलं तर काही ठिकाणी त्याच नमुन्यात टी-फोर लावतात. प्रत्येक वेळी पेशंटला फोन करायचा का?" स्लाइडचं मला पूर्ण मान्य आहे. डॉक्टरने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पक्कं करण्यासाठी तंत्रज्ञ जे करतो ती त्याची कामातली इमानदारी आहे. टी-फोरचंही मी समजू शकतो, डॉक्टरशी तसं आधी ठरलेलं असेल तर. पण थकव्याचं कारण शोधायला दिलेल्या रक्तातून, आडनाव वाचून, लग्नाचा प्रश्न काढणं हा नवाच प्रश्न आहे. नवा प्रश्न विचारायचा तर ज्याचं रक्त आहे त्याला आधी विचारा. एक फोन लागतो. त्यावर मित्र म्हणाला, "लोक फोन उचलत नाहीत." मग थांबा! सिकलसेल दोन दिवसांनी पळून जात नाही.

कायद्यातही याला आधार आहे. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजांडकोश आईच्या संमतीवर काढले गेले होते. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एका गोष्टीला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. तो निकाल शस्त्रक्रियेचा होता, रक्ततपासणीचा नव्हे. पण २०१७ चा एचआयव्ही कायदा थेट तपासणीचाच आहे. मोजके अपवाद सोडले तर समजावून घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. कारण एका रिपोर्टने माणसाची नोकरी, घर, लग्न जातं, हे त्या कायद्याने ओळखलं. सिकलसेलच्या रिपोर्टने लग्न मोडत नाही का?

"तुम्हाला काय कळतंय, तुमच्या भल्यासाठीच करतोय" हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालवला. मणक्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी त्यांना खास मोफत उपचार म्हणून सांगितली गेली. पेनिसिलिन हाती आल्यावरही ते दिलं नाही. हे उघडकीला आलं १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी. कळव्यातली लॅब म्हणजे टस्कीगी नव्हे, तेवढं ताणायची गरज नाही. पण 'फुकट' आणि 'भल्यासाठी' हे शब्द एकत्र आले की आपले कान टवकारले पाहिजेत.

आणि आपल्याच मांडवात ते टवकारत नाहीत. यंदा जयंतीच्या शिबिरासाठी आम्ही एका लॅबला शुगर आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. त्यांचा माणूस म्हणाला, "आम्ही पंचवीस टेस्ट करून देतो, एकाच नमुन्यात. फक्त सगळ्यांचे मोबाईल नंबर द्या." समितीतले अर्धे लोक टाळ्या वाजवायलाच बसले होते. रात्री साडेअकरापर्यंत भांडलो. एक ज्येष्ठ कार्यकर्ते चिडून म्हणाले, "गरिबाला फुकट मिळतंय आणि तू कागद नाचवतोस." त्यांचा राग मी समजू शकतो, त्यांच्या बायकोची शुगर कळली तेव्हा उशीर झाला होता.

शेवटी ठरलं ते असं: फॉर्म मराठीत, प्रत्येक टेस्टपुढे वेगळी खूण, आणि जो लिहू-वाचू शकत नाही त्याला बाजूला बसवून वाचून दाखवायचं. रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्याच हातात. सिकलसेल हवी असेल त्याची जरूर करायची, पण वाहक म्हणजे काय हे सांगणारी व्यक्ती टेबलावर हजर असेल तरच. नंबर लॅबला द्यायचे नाहीत.

त्या लॅबने नकार कळवला. "इतका वेळ लावला तर शंभरऐवजी साठच माणसं होतील," असं कारण दिलं. साठ तर साठ. विटावा, खारेगाव, मुंब्रा भागात या अटींवर यायला तयार असलेली लॅब कोणाच्या ओळखीत असेल, तर लवकर सांगा. मंडपाची तारीख ठरलेली आहे.