नमुना आणि नमुना देणारा

सोनें कसोटीच्या दगडावर घासलें म्हणजे सोन्याची पारख होते, असें आपण म्हणतों. परंतु त्याच वेळीं सोनें आणणाराचीही थोडी पारख होत असते, हें सराफाच्या पेढीवर बसणारासच ठाऊक. आम्ही सराफ नव्हे. पण एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत परीक्षेसाठीं येणारे रासायनिक पदार्थ स्वीकारण्याचें काम आम्हीं बरींच वर्षें केलें आहे, आणि हाच अनुभव आम्हांसही आला आहे. आजकाल आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबांतील मुलगे, मुली व सुना रसायनशास्त्रांत संशोधन करतात. ‘आज नमुने दिले’, ‘अजून वर्णपट आला नाहीं’, असे उद्गार जेवतांना वडीलधाऱ्यांच्या कानीं पडतात. पण हें नमुने देणें म्हणजे काय, आणि त्यापायीं एवढी तळमळ कां, हें विचारावयाचें राहून जातें. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहावे, असें मनांत आलें.

ज्या यंत्राकडे हे नमुने जातात त्याच्या विद्येस ‘अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन’ असें भारदस्त नांव आहे. प्रयोगशाळेंत सर्वजण ‘एनएमआर’ म्हणून मोकळे होतात. ‘अणुकेंद्र’ या शब्दानें कोणी बिचकूं नये. येथें स्फोट नाहीं आणि किरणोत्सर्गही नाहीं. हायड्रोजनादि कांहीं मूलद्रव्यांचीं अणुकेंद्रें चिमुकल्या चुंबकांसारखीं वागतात. त्यांस प्रबळ चुंबकीय क्षेत्रांत ठेवून रेडिओ-तरंगांनीं डिवचलें, कीं तीं ठराविक स्वरांत उत्तर देतात. आणि प्रत्येकाचा स्वर त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर अवलंबून असतो. या स्वरांचा आलेख म्हणजेच वर्णपट. त्यांतील शिखरें वाचून रेणूंत कोण कोणाशेजारीं बसला आहे, हें जाणत्यास सांगतां येतें.

फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनीं अमेरिकेंत स्वतंत्रपणें केलेला हा शोध 1946 सालीं प्रसिद्ध झाला, व 1952 सालीं त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. साध्या मद्यार्काच्या रेणूंतील हायड्रोजनाचे तीन गट तीन निरनिराळ्या स्वरांत बोलतात, हें 1951 सालीं दाखविणाऱ्या तिघांत धर्मट्टी हे एक भारतीय होते. पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनीं या विद्येचा पाया घातला. रुग्णालयांत मेंदूचें वा गुडघ्याचें ‘एमआरआय’ काढतात, तेंही याच तत्त्वावर. तेव्हां हें यंत्र आपल्या घरांस दिसतें तितकें परकें नाहीं.

यंत्राचा थाट मात्र राजेशाही आहे. सामान्यतः वापरांत असलेल्या एका प्रकारांत चुंबकीय क्षेत्र 9.4 टेस्ला असतें. म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या दोन लाख पटींहून अधिक. तें निर्माण करणारें वेटोळें शून्याखालीं 269 अंशांवरील द्रव हेलियमांत बुडवून ठेवावें लागतें, आणि त्याभोंवतीं द्रव नायट्रोजनाचें वेष्टन असतें. हीं दोन्हीं द्रव्यें वेळच्या वेळीं भरावीं लागतात. येथें सुटी म्हणून विसरून चालत नाहीं. इतक्या डामडौलाच्या यंत्रापुढें जी वस्तु ठेवावयाची, ती किती? हायड्रोजनाच्या वर्णपटास पांच ते दहा मिलिग्रॅम पदार्थ पुरतो. म्हणजे पोह्याच्या एका पाकळीएवढाही नव्हे. पेन्सिलीहून बारीक, पांच मिलिमीटर जाडीच्या कांचेच्या नळींत तो सुमारें अर्ध्या मिलिलिटर द्रवांत विरघळवून द्यावयाचा.

तो द्रवही साधा चालत नाहीं. साध्या द्रवांत स्वतःचाच हायड्रोजन इतका असतो, कीं त्याच्या गलबल्यांत पदार्थाचा आवाज बुडून जावा. म्हणून हायड्रोजनाच्या जागीं त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम बसविलेला महाग विद्रावक घेतात. त्याचा स्वर फार निराळ्या पट्टींत असल्यामुळें तो आड येत नाहीं. तरीही त्यांत किंचित् साधा अंश उरतोच. क्लोरोफॉर्मच्या बाबतींत तो 7.26 या जागीं उभा राहतो. पण त्याची जागा सर्वांस ठाऊक असल्यानें त्यास कोणी चोर म्हणत नाहीं. उलट इतरांच्या जागा मोजावयास त्याचाच आधार घेतात.

खरी अडचण होते ती न बोलावितां आलेल्या पाहुण्यांची. नळी अ‍ॅसिटोननें धुतली आणि वाळण्यापूर्वींच वापरली, तर 2.17 पाशीं अ‍ॅसिटोन हजर. पदार्थ शुद्ध करतांना वापरलेलें एथिल अ‍ॅसिटेट नीट उडवून लावलें नाहीं, तर त्याचीं तीन टोळकीं आपापल्या ठिकाणीं बसलेलींच. एका विद्यार्थ्याचा वर्णपट आम्हांस आठवतो. त्यांत एथिल अ‍ॅसिटेटाची शिखरें गगनाला भिडलीं होतीं, व ज्या पदार्थासाठीं त्यानें दोन महिने घालविले तो बिचारा कोपऱ्यांत, नवख्या सोयऱ्यासारखा, अंग चोरून उभा होता. विद्रावांत न विरघळलेले कण तरंगत असले तर क्षेत्राची एकतानता मोडते आणि शिखरें पसरट होतात. यासाठीं पिपेटींत चिमूटभर कापूस ठेवून विद्राव गाळावा. घराघरांत गाळण्यानें ताक गाळणाऱ्या मंडळींस हें निराळें शिकवावयास नको!

नमुन्याबरोबर एक चिठ्ठी भरून द्यावी लागते. पदार्थ कोणता, विद्रावक कोणता, अपेक्षित रचना कोणती, आणि तो विषारी, उग्र वासाचा किंवा स्फोटक आहे काय, हें तीवर लिहावयाचें असतें. पुष्कळांस ही कारकुनी वाटते, आणि ‘धोका’ या रकान्यांत ते सवयीनें एक आडवी रेघ मारतात. त्या रेघेच्या पलीकडे कोणी माणूस आहे, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं. नळी हातीं घेणारा, ती यंत्रांत सोडणारा, आणि चुकून फुटली तर कांचा वेंचणारा नोकर त्या चिठ्ठीवरच विश्वासलेला असतो. नळी यंत्राच्या गाभ्यांत फुटली तर यंत्र कित्येक दिवस बंद पडतें. मग एकाच्या हयगयीसाठीं पन्नासांचे नमुने खोळंबतात. एकत्र कुटुंबांत विहिरीचा दोर एकानें निष्काळजीपणें टाकला, तर घरभर पाण्याची ओरड होते, तसेंच हें.

याच्या उलटही पाहावयास मिळतें. एक मुलगी एकदां तीन मिलिग्रॅम पदार्थ घेऊन आली. एका वनस्पतीच्या मुळांतून तो वेगळा काढावयास तिला आठ महिने लागले होते. कुपी तिनें मुठींत अशी धरली होती, कीं जणूं पाखराचें पिलूच. हायड्रोजनाचा वर्णपट कांहीं मिनिटांत मिळाला. पण कार्बनाचाही हवा होता. ज्या कार्बनाचा स्वर ऐकूं येतो, तो निसर्गांत शंभरांत सुमारें एकच असतो. आणि स्पष्टता दुप्पट हवी तर वेळ चौपट द्यावा लागतो. यंत्र रात्रभर त्या तीन मिलिग्रॅमांसाठीं चाललें. तिच्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें : “सुमारें दहांत एक भाग दुसरा पदार्थ असावा, तो अद्याप वेगळा करतां आलेला नाहीं.” त्या एका ओळीमुळें वर्णपट वाचणाराचे कित्येक तास वांचले. आपलें उणें आधींच सांगणें हा केवळ प्रामाणिकपणा नव्हे, तें मोठें शहाणपणही आहे.

आणखी एक प्रसंग सांगतों. एक हुशार तरुण आमच्यापाशीं आला व हलक्या आवाजांत म्हणाला, “सर, हें एवढेंसें शिखर आलेखावरून काढून टाकतां येणार नाहीं का? प्रबंध पुढच्या आठवड्यांत द्यावयाचा आहे.” आम्हीं म्हटलें, “बाळ, तें शिखर कुपींतून काढून आण. मग आलेखावरून तें आपोआप जाईल.” त्यास राग आला असावा, पण चौथ्या दिवशीं तो नवी नळी घेऊन आला, आणि तें शिखर खरोखरच गेलें होतें. हा मोह त्या एकट्याचा नव्हे. 2013 सालीं ‘ऑर्गॅनिक लेटर्स’ या प्रख्यात नियतकालिकाचे प्रमुख संपादक एमोस स्मिथ यांस उघडपणें लिहावें लागलें, कीं आपल्याकडे आलेल्या कांहीं वर्णपटांतून अशुद्धीचीं शिखरें पुसून टाकलेलीं आढळलीं आहेत. शिखर लहान, परंतु तें पुसलें कीं उरलेल्या सर्व शिखरांवरचा विश्वास उडतो. पुढें कोणी त्याच कृतीवरून औषध बनवूं गेला, तर त्याची फसगत व्हावयाची.

आपल्या घरांत सोवळ्याओवळ्याचा विचार पिढ्यान् पिढ्या झाला. त्याचा बराचसा भाग कोणाचा स्पर्श झाला, याच हिशेबांत खर्ची पडला, हें कबूल केलें पाहिजे. प्रयोगशाळेचें सोवळें याहून निराळें व अधिक कडक आहे. नमुना कोणाच्या हातचा, हें तें विचारीत नाहीं. त्यांत काय मिसळलें आहे, आणि तें सांगितलें कीं नाहीं, एवढेंच विचारतें. यंत्रापुढें कुळाची वा हुद्द्याची शिफारस चालत नाहीं. प्राध्यापकाच्या नळींतील अ‍ॅसिटोनही 2.17 पाशींच दिसतो.

म्हणून संशोधन करणाऱ्या मुलामुलींच्या आईबापांस आमची एक विनंति आहे. मूल रात्रीं उशिरां घरीं आलें व ‘आज वर्णपट चांगला आला नाहीं’ असें खिन्न मुद्रेनें म्हणालें, तर ‘मग पदवी कधीं मिळणार?’ असें लागलीच विचारूं नये. घाई बहुधा घरूनच सुरू होते, आणि शिखर पुसण्याची बुद्धि घाईच्या पोटीं जन्मास येते. त्याऐवजीं पानावर वाढतां वाढतां एवढेंच विचारावें, “चांगला नसेना का, पण खरा आला ना?” या प्रश्नास ज्यास नीट ‘हो’ म्हणतां येईल, त्याचा नमुना आज ना उद्यां शुद्ध होईलच.