नव्या कुंपणाचं पहिलं वर्ष

कोथरूडमध्ये जुन्या सोसायट्या पाडून नव्या उभ्या राहतायत, त्यामुळे आम्हा बागकामवाल्यांना सध्या काम भरपूर. पझेशन तोंडावर आलं की फोन येतो, ‘कंपाउंडला हिरवं काहीतरी लावा, पण लगेच भरलेलं दिसलं पाहिजे.’ मग नर्सरीतून तीन-चार फुटी कामिनी नाहीतर पिवळा ड्युरांटा येतो, ओळीनं उभा राहतो, फोटो निघतात. पाऊस आहे तोवर सगळं छान. ऑक्टोबरच्या उन्हात रोपं माना टाकायला लागतात आणि खापर फुटतं माळ्यावर.

माळी बहुतेक वेळा निर्दोष असतो. वाळलेलं एखादं रोप उपटून पाहा. भोवती चिखल असतो, पण मुळांचा गड्डा अजून नर्सरीच्या पिशवीच्याच आकाराचा. तो फोडला तर आत माती ठणठणीत कोरडी. पिशवीतली लाल चिकण माती एकदा वाळली की विटेसारखी होते आणि पाणी तिला वळसा घालून निघून जातं. म्हणून लावण्याआधी रोप पिशवीसकट बादलीत बुडवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिशवी उभी चिरायची आणि तळाशी गोल गोल फिरलेली मुळं बेलाशक कापायची.

जमिनीचं दुखणं वेगळं. टेकडीच्या पायथ्याचा हा भाग, थोडं खणलं की मुरूम. त्यावर बांधकामाचा राडारोडा पसरून वर चार बोटं लाल माती टाकलेली असते. कामिनी लिंबाच्या कुळातली; मातीत सिमेंट-चुना मिसळला की तिला लोह उचलता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक तिला युरिया घालतात. त्यानं काहीही होत नाही. दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून राडारोडा बाहेर काढणं आणि चांगल्या मातीत शेणखत, निंबोळी पेंड मिसळून तो भरणं, याला पर्याय नाही. खर्चाचा खरा भाग हाच, आणि कोटेशनमधून पहिल्यांदा कापला जातो तोही हाच.

पाण्याचं म्हणाल तर रोज संध्याकाळी पाइपनं पानं धुणं म्हणजे पाणी देणं नव्हे. वरची दोन बोटं भिजतात आणि मुळंही मग वरच रेंगाळतात. चर पूर्ण भिजेल असं पाणी द्यावं आणि वापसा येईपर्यंत थांबावं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. सोसायटीच्या कमिटीला दर महिन्याला सांगावं लागतं. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, तर सकाळी झाडूवाल्या मावशी ते इमानेइतबारे उचलून नेतात. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि कातर. रोपं रुजून नवी पालवी धरू लागली, की मी ती निम्म्यावर आणतो. तेव्हा बाल्कनीतून हमखास आवाज येतो, ‘अहो दादा, उंचीचे पैसे दिलेत आम्ही!’ पण शेंडा मारल्याशिवाय खालून फुटवे येत नाहीत. सरळ वर गेलेल्या कुंपणाखालून पुढे मांजरं ये-जा करतात, आणि तो तळ कधीच भरत नाही. पुढच्या छाटण्यांतही बुंध्याशी रुंद, वर अरुंद असाच आकार ठेवायचा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं.

पिवळ्या ड्युरांटाशी माझं काही वाकडं नाही, पण जिथे बोअरच्या जड पाण्यावर आणि कमी देखभालीवर भागवायचंय तिथे कडू मेंदी लावा, कडेला कोपरा असेल तर अडुळसा. त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

यंदा लावणार असाल तर मृगाचा पाऊस जमिनीत मुरू द्या, रोपं फूटभराचीच घ्या, दोन ओळींत नागमोडी लावा आणि वाचलेल्या पैशांचं शेणखत आणा. दिवाळीनंतरच्या आणि येत्या उन्हाळ्यातल्या पाण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र लावण्याआधीच कमिटीच्या मिटिंगमध्ये लिहून घ्या.