पिकअपचे पुढचे ब्रेक

संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत इमारतींचा इतिहास येईल, दात्यांची यादी येईल, दहावीच्या निकालांचा तक्ता येईल. आणि हे सर्व यायलाच हवे. संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी विहाराच्या उभारणीविषयी लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र वसतिगृहाच्या जुन्या पिकअपला पुढच्या बाजूस डिस्क ब्रेक कसे बसले, याविषयी लिहिणार आहे. त्या गाडीने आणलेले धान्य या आवारातील प्रत्येकाने खाल्ले आहे. तेव्हा विषय कुणालाच परका वाटू नये.

आपले विद्यालय चाळीसगाव तालुक्यात, सातमाळा रांगेच्या पायथ्याशी वसलेले आहे. घाटमाथ्यावरील कन्नड तालुक्यातील उपासक दर हंगामात मका, बाजरी, डाळी आणि भाजीपाला दान देतात. ते आणायचे म्हणजे रिकाम्या गाडीने औट्रम घाट चढायचा आणि भरल्या गाडीने तो उतरायचा. गाडी चढताना दमते, ते सर्वांना ऐकू येते. उतरताना तिच्यावर काय बेतते, ते फक्त चालकाच्या पायाला कळते. आपली पिकअप जीपच्या घडणीची, डिझेलची, पुढेमागे पाट्यांची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर नाही. मालवाहू गाडीत मुले बसवायची नाहीत, हा नियम संस्थेने पहिल्या दिवसापासून पाळला आहे. पण केबिनमध्ये चालक असतो, भोजनगृहातला एक मदतनीस असतो, आणि घाटात समोरून एस. टी. येते, दुचाकीवरची कुटुंबे येतात, ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर येतात.

गाडीचे चालक मुलांचे ‘मामा’; आम्हा शिक्षकांचेही मामाच. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मक्याची पोती घेऊन उतरताना शेवटच्या वळणांवर त्यांचा ब्रेक खाली बसला. गाडी त्यांनी गियरवर आवरली आणि कडेला घेतली. अर्धा तास थांबून, ब्रेक निवाल्यावर ते पुढे आले. हा प्रकार त्यांनी भोजनगृहात, उशीर का झाला याचे कारण म्हणून सांगितला. तक्रार म्हणून नव्हे. आदरणीय भंतेजी तिथेच होते. त्यांनी विचारले, “मामा, पाय किती खाली जातो?”

“भंतेजी, वरच्या वळणाला दोन बोटं. खालच्या वळणाला पार पत्र्याला टेकतो. मग दोन-तीनदा पंप मारायचा.”

“आणि पंप मारूनही नाही लागला तर?”

“मग गियर. मग हँडब्रेक. मग डोंगराची बाजू.”

हे शेवटचे तीन शब्द भंतेजींनी विश्वस्तांच्या बैठकीत जसेच्या तसे सांगितले. बैठकीत कुणी वाईट बोलले नाही. उलट, मामांचा हात किती सधा आहे, इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा कसा नाही, याचे मनापासून कौतुक झाले. कौतुक हा संस्थेला सर्वांत स्वस्त पडणारा ब्रेक होता. जिथे यंत्राची उणीव माणसाच्या कसबाने झाकली जाते, तिथे ती उणीव हिशेबाच्या वहीत कधीच उमटत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 42 मध्ये कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीला धरून असावी, यासाठी राज्याने तरतूद करावी असे मार्गदर्शक तत्त्व आहे. तो अनुच्छेद मी दरवर्षी वर्गात शिकवतो. बैठकीत मी एवढेच विचारले, की दर 26 नोव्हेंबरला उद्देशिकेचे सामूहिक वाचन करणाऱ्या संस्थेच्या आवारात तो लागू होतो की नाही.

कोषाध्यक्षांची अडचण खरी होती. रौप्यमहोत्सवासाठी प्रवेशद्वाराच्या कमानीला दाता मिळत होता. ब्रेकला मिळत नव्हता. यात दात्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्याच डोंगरातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, दात्यांची नावे स्तंभांवर कोरलेली आहेत; दोन हजार वर्षांपूर्वीही दान देणाऱ्याला आपले नाव दगडावर पाहावेसे वाटत होते. कमानीवर नाव कोरता येते. ब्रेकच्या डिस्कवर ते कोरले, तर पहिल्याच घाटात पुसून जाईल. (त्याच लेण्यांत सापडलेल्या यक्षमूर्तीच्या तळहातावर कण्हदास नावाच्या सोनाराने ती आपण घडवल्याचे कोरून ठेवले आहे. कारागिराचे नाव असे टिकणे विरळाच. सहलीला मी मुलांना हे दरवेळी सांगतो.) अखेर कमानीचे रंगकाम एक वर्ष पुढे ढकलून ब्रेकला मंजुरी मिळाली.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. पहिला प्रश्न असा, की आहेत त्याच ड्रमना लेथवर फिरवून, नवे लायनर आणि नवे ब्रेक ऑइल घालून भागणार नाही का? सपाटीवर निश्चित भागले असते. ड्रम ब्रेक ही टाकाऊ वस्तू नव्हे. त्यात एक गुण असा आहे, की फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच ओढून आणखी घट्ट बसवतो. म्हणूनच बूस्टरवाचूनही ही गाडी इतकी वर्षे थांबत आली. पण घाटात प्रश्न उष्णतेचा असतो. नववीच्या मुलांनी विज्ञानाच्या तासाला फळ्यावर गणित मांडले: अडीच टनांची भरलेली गाडी 200 मीटर खाली उतरली, तर सुमारे 4,900 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत साधारण 15 लिटर पाणी उकळीला येईल. यातला काही वाटा इंजिन उचलते, काही हवा आणि टायर घेतात. उरलेले सगळे ब्रेकवर येते. ड्रम म्हणजे झाकण लावलेले पातेले. तो तापला की प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, लायनरची पकड सुटत जाते आणि पेडल खाली जाऊ लागते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, ही त्यात आणखी भर. डॉट 3 प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनांक किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल मुरल्यावर तो 140 पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते; द्रव दाबला जात नाही. पेडल पत्र्याला टेकते ते यामुळे.

आणि पुढचेच ब्रेक का? गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे झुकतो. उतारावर तो आधीच पुढे असतो. म्हणून थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात. तिथे उघडी डिस्क बसवली, तर वारा तिला निववतो आणि पावसाचे पाणी ती स्वतःच भिरकावून देते. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी शिरून पहिले दोन-चार ब्रेक फुकट जात, ते मामांना नवे नव्हते.

इतिहासाच्या शिक्षकाला इथे थोडे थांबू द्यावे. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट 1902 मध्ये घेतले. फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांचा ड्रम ब्रेकही त्याच सुमाराचा. ड्रम बंदिस्त, धुळीपासून सुरक्षित आणि स्वस्त, तो जिंकला. डिस्कचे दिवस फिरले ते 1953 मध्ये, ल माँच्या शर्यतीत डिस्क लावलेली जॅग्वार पहिली आली तेव्हा. त्यानंतर त्या महागड्या मोटारींना लागल्या. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हलक्या ट्रकांना त्या सरसकट मिळाल्या 1971 मध्ये, आणि आपल्याकडच्या मालवाहू जीपवजा गाड्यांना त्याहून पुष्कळ उशिरा. म्हणजे ज्या गाडीवर ओझे सर्वांत जास्त, तिच्या वाट्याला चांगला ब्रेक सर्वांत शेवटी आला. सुरक्षितताही वरच्या पायरीवरून खाली झिरपत येते, आणि खालच्या पायरीवर बसलेल्याला तोवर कसबावर निभावून न्यावे लागते.

काम केले आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने. तालुक्याच्या ठिकाणी त्याचे गॅरेज आहे. त्याने सुटे भाग घेण्याआधीच आम्हांला परिवहन कार्यालयात पाठवले. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत परस्पर करता येत नाही. तेव्हा आधी लेखी विचारणा, मग खरेदी, असा क्रम त्याने लावून दिला. त्याच घराण्याच्या नंतरच्या गाडीचे पुढचे नकल, हब आणि कॅलिपर त्याला जुन्या बाजारात मिळाले. लोखंडी भाग त्याने जुने चालवून घेतले. पण डिस्क, पॅड, बेअरिंगे, कॅलिपरची रबरे आणि होस पाइप कोरेच हवेत, यावर तो अडून बसला. “सर, लोखंड जुनं चालतं, रबर नाही,” एवढाच त्याचा युक्तिवाद.

जुने ड्रम उघडताना पाहायला मुले गोळा झाली होती. त्याने त्यांना लांब पिटाळले आणि आतली धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसून काढली. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची धूळ छातीत गेलेली माणसाला पुढे कित्येक वर्षांनी भोवते. हे त्याला शाळेत कुणी शिकवले नव्हते. ज्या गॅरेजात तो उमेदवारी करत होता, तिथल्या एका वृद्ध कारागिराचा खोकला त्याने ऐकला होता.

डिस्क बसवल्या की काम संपले, असा माझा समज नव्हता; पण ते किती उरते, हे पाहण्यासारखे होते. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, म्हणून दाब अधिक लागतो. त्यासाठी बूस्टर आला. बूस्टर निर्वातावर चालतो, आणि डिझेल इंजिनात तो पेट्रोल इंजिनासारखा आयता मिळत नाही. म्हणून व्हॅक्युम पंप जोडलेला अल्टरनेटर आला. कॅलिपरला ऑइल जास्त लागते. म्हणून मोठा मास्टर सिलिंडर आला, तोही पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे ठेवणारा. एक फुटला तर दुसरा उरतो. ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखून ठेवणारी जी झडप असते, ती पुढच्या मार्गावर ठेवली असती, तर पॅड डिस्कला घासत राहिले असते; ती काढली. मागे ड्रमच राहिले. पण रिकाम्या पिकअपची मागची चाके हलकी असल्यामुळे ती आधी जखडून गाडी फिरू नये, म्हणून मागचा दाब कमी करणारी झडप घातली. माझ्या मते या कामातला खरा विचार डिस्कमध्ये नाही, या जुळवाजुळवीत आहे. नुसत्या डिस्क लावून ‘ब्रेक बदलले’ म्हणणाऱ्या गॅरेजपासून वाचकांनी दूर राहावे.

मग ब्रेकची हवा काढण्याचा कार्यक्रम. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी: मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. मामा केबिनमध्ये, आपला विद्यार्थी चाकाशी. “दाबा… धरा… सोडा.” पारदर्शक नळीतून बुडबुडे येत होते, आणि विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या मुलांना पास्कलचा नियम तिथेच, मातीत बसवून शिकवला. त्या वर्षी त्या प्रश्नाला बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, असे त्या आवर्जून सांगतात.

पहिल्या आठवड्यात मामा नाराज होते. पाय पूर्वीच्या जोरानेच पडे, गाडी जागच्या जागी थांबे आणि मागची कांद्याची पोती केबिनवर येऊन आदळत. नव्या पॅडना डिस्कवर बसण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर वेग थोडाथोडा कमी करत, मध्ये निवू देत बरेच ब्रेक मारावे लागले. त्याहून जास्त वेळ मामांच्या पायाची पंप मारण्याची सवय जायला लागला. दोन गोष्टी त्यांनी स्वतः मदतनीसाला समजावून सांगितल्या. ज्या गियरने घाट चढतो, त्याच गियरने तो उतरायचा; ब्रेक नवा आला म्हणून गियर सोडायचा नाही. आणि उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन कधीही बंद करायचे नाही. बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरताच निर्वात उरतो, मग पेडल दगडासारखे होते.

गाडीच्या वहीत आता ब्रेकसाठी वेगळे पान आहे: ऑइल बदलल्याची तारीख, पॅडची जाडी, मागच्या लायनरची तपासणी. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे ठरले आहे. त्या पानावर व्यवस्थापकांच्या सहीशेजारी चालकाचीही सही असावी, असा आग्रह मामांनी धरला, आणि तो मान्य झाला. मागच्या महिन्यात त्यांनी त्याच वहीत आणखी एक मागणी लिहिली आहे: मागची झडप एकाच दाबाची आहे, त्याऐवजी गाडीतल्या ओझ्याप्रमाणे कमीजास्त होणारी बसवावी. हा विषय विश्वस्तांच्या पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर चौथ्या क्रमांकावर आहे. कमानीच्या रंगकामाच्या आधी.